कार्यालयाच्या लॅपटॉपचा विषय: सोसायटी ग्रुप

ब-३०४: बैठकीचा वृत्तांत आत्ताच वाचला. कार्यालयासाठी घ्यायच्या दोन्ही लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली असावी, हे वाक्य शेवटून दुसऱ्या ओळीत, कुंड्यांना पाणी घालण्याचा विषय असावा तसे उरकले आहे. हे कोणाला विचारून ठरले, ते सचिवांनी कृपया सांगावे.

सचिव: काका, काहीही ठरलेले नाही, ‘विचारार्थ’ हा शब्द त्याच ओळीत आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आपल्या जुन्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. नवीन यंत्र घ्यावेच लागणार आहे, म्हणून हा पर्याय मांडला.

क-१०१: हिशेबाचे आपले सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते.

ड-२०३: लिनक्सचे बोधचिन्ह असलेला पेंग्विन राहायला येणार म्हणजे त्याच्याकडूनही देखभाल शुल्क घ्यावे लागेल.

अ-७०२: थट्टा बाजूला ठेवून एक फरक सांगतो, कारण बैठकीतही तो कोणी नीट मांडू दिला नाही. दुकानात ‘डॉस’ लिहिलेला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप मिळतो, त्यावर आपण घरी लिनक्स चढवतो, हे एक. आणि कंपनीनेच लिनक्स बसवून दिलेला लॅपटॉप घेणे, हे अगदी वेगळे. पहिल्या प्रकाराने माझा एक आठवडा खाल्ला: सगळे झकास चालू झाले, पण वायफायच्या यादीत एकही नाव दिसेना, आणि ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, उतरवायचा तर आधी इंटरनेट हवे. शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले. कंपनीने बसवून दिलेल्या यंत्रात वायफाय, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे हे त्या नेमक्या मॉडेलवर तपासलेले असते. डेलने २०१२ मध्ये एक्सपीएस १३ हा लॅपटॉप उबुंटूसह विकायला काढला, लेनोवोने २०२० मध्ये थिंकपॅडवर फेडोरा दिले; उबुंटू आणि फेडोरा हे लिनक्सचेच प्रकार. तेव्हा हा काही कालचा प्रयोग नाही. मात्र मॉडेलचे नाव सारखे असले तरी विंडोजच्या आवृत्तीत वायफायचे कार्ड किंवा बोटांच्या ठशाचा सेन्सर वेगळा असू शकतो, म्हणून ‘तोच तर आहे’ असे विक्रेत्याने सांगितले तरी मान डोलावू नये.

खजिनदार: म्हणजे विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतील ना?

अ-७०२: वाचतीलच असे नाही. अशी मॉडेल थोडी असतात आणि सवलती बहुधा विंडोजच्या मॉडेलवर असतात. पैसे वाचावेत एवढ्याचसाठी घ्यायचे असेल तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क-१०१: हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, हे मी मघाशीही लिहिले होते.

ब-३०४: म्युनिकच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. ‘सगळ्यावर चालतो’ म्हणून याच समितीने आणलेला प्रिंटर आज कपाटावर धूळ खात आहे, याचीही या निमित्ताने आठवण करून देतो.

सचिव: त्या प्रिंटरच्या मंजुरीवर आपलीही सही आहे, काका.

ब-३०४: ती तुमची सही पाहून केली होती, प्रिंटर पाहून नव्हे.

अ-५०१: दोघांनाही नम्र विनंती आहे की प्रिंटरचे भांडण प्रिंटरपुरते ठेवावे. माझी काळजी निराळी आहे. जुनी इतिवृत्ते मी ज्या फाँटमध्ये टंकलिखित केली, तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखा दिसणारा, नव्हता. परवा मुलाच्या संगणकावर फाइल उघडली, तर ठरावाच्या जागी रोमन अक्षरे आणि कंसांची रांग दिसली. लिनक्सवर ते सगळे जाणार का?

अ-७०२: वहिनी, मुलाच्या संगणकावर विंडोजच असणार, म्हणजे हा दोष लिनक्सचा नाही. तो फाँट लिनक्सवरही बसवता येतो आणि फाइल लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते; ओळींची मांडणी थोडी हलेल. पुढचे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे, देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे असतो. क-१०१ यांचा मुद्दा खरा आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतल्या आभासी संगणकात, विंडोज चालवता येईल, पण मग विंडोजचा परवाना घ्यावाच लागेल.

क-१०१: हेच मी सकाळपासून सांगतो आहे.

खजिनदार: मग हिशेबाचा एक विंडोजचा आणि पत्रव्यवहाराचा एक लिनक्सचा घ्यावा.

ब-३०४: आणि पत्रव्यवहाराचा बिघडला की रात्री कोणाचे दार वाजवायचे? अ-७०२ घर सोडून गेले तर?

अ-७०२: हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. सध्या एवढेच करू: उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार आहे, त्यावरून जुना संगणक सुरू करता येतो आणि आतल्या डिस्कला हात लागत नाही. रविवारी प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन आणि वहिनींची एक फाइल त्यावर लावून पाहू.

सचिव: चालेल. कपाटावरच्या प्रिंटरची केबल कोणाकडे आहे?

ड-२०३: काकांकडे.