मदत हवी आहे: आईला दोन महिने रोज पित्त उठतंय, परवा ओठही सुजला

नमस्कार मंडळी,

आई ५८ वर्षांची, यावल तालुक्यात गावी असते. मी जळगावला. दिवाळीपासून तिच्या अंगावर रोज पित्त उठतं. दिवेलागणीनंतर खाज सुटते आणि बघता बघता पाठीवर, मांड्यांवर लाल गांधी. परकराची नाडी बांधते तिथे तर अख्खा पट्टा उठतो. सकाळी अंग स्वच्छ. आमसुलाचं पाणी चोळून झालं, गेरू लावून झाला. इंजेक्शन घेतलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच.

परवा झोपेतून उठली तर वरचा ओठ बोटाएवढा जाड आणि डावी पापणी मिटलेली. श्वासाला त्रास नव्हता, दुसऱ्या दिवशी सूज उतरली. पण मी फार घाबरले आहे.

ज्याने त्याने एकेक पदार्थ बंद करायला लावलाय. वांगं, आंबट, शेंगदाणे, डाळी, सगळं बंद. गेला महिनाभर ती दूध-भाकरीवर आहे, चार किलो वजन उतरलं. भरिताचे दिवस, शेजारी वांगी भाजतात त्याचा वास घरात येतो, आणि ही मला फोनवर म्हणते, "मन्हं काय चुकनं व माय?"

खरंच खाण्यामुळे होतं का हे? रक्ताची महागडी अ‍ॅलर्जी तपासणी करू का?

उत्तर
ताई, मी धुळ्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. आईंना आधी पोटभर जेवू द्या. नाव पित्त असलं तरी पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं. वरच्या थरात पाझरलं तर गांध, खोलवर पाझरलं तर ओठ-पापणीची सूज. सहा आठवड्यांवर रोज चालणाऱ्या पित्तात खाणं हे कारण क्वचितच निघतं, म्हणून सरसकट ती तपासणी नको.

एका गांधीभोवती पेनाने गोल काढा. २४ तासांत गोल राहून गांध गेली पाहिजे. तिथेच राहिली, दुखली किंवा डाग पडला तर आजार वेगळा असू शकतो. झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी खाज सुटल्यावर नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. डोस वाढवता येतो, पण डॉक्टरांनीच. इंजेक्शनं घेत राहू नका.

जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा चक्कर आली तर गोळीची वाट न बघता १०८ ला फोन करा. अशा वेळी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन द्यावं लागतं.

आईंना बीपीची किंवा गुडघ्याची गोळी चालू आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी ओठ-जीभ सुजू शकते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांनी पित्त भडकू शकतं.

धागाकर्ती
डॉक्टर, खूप आभार. बीपी नाही. पण आत्ताच भावाला उशाखालचा डबा बघायला लावला. कापूस वेचणीपासून रोज जेवणानंतर गुडघ्याची एक गोळी, मेडिकलवाल्याने दिलेली. पाकिटावर डायक्लोफिनॅकच लिहिलंय. आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं! आजपासून बंद करते, सोमवारी तिला जळगावला आणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवते. तोवर गुडघ्याला काय देऊ? रात्री पाय मुडपता येत नाही तिला.

उत्तर
पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. सोमवारी जाताना ते पाकीट सोबत न्या, आणि सुजलेल्या ओठाचा फोटो असेल तर तोही.