मदत हवी आहे: रोहयोची (रोजगार हमी योजनेची) विहीर पूर्ण, कुशलचे (सामान-कारागिरांचे) पैसे अडकलेत

कोरडवाहू_९१ (१४ मे २०२५, रात्री ९:४०)
विहीर होऊन सहा महिने झाले, पैशाचा पत्ता नाही. रोज चकरा मारायलोय. रोजगार सेवक म्हणतो वरून आले नाहीत. पंचायत समितीत गेलं की म्हणतात ग्रामपंचायतीत विचारा. हार्डवेअरवाला सकाळी दारात येऊन बसतो. यारीवाल्याचे (क्रेनवाल्याचे) ४० हजार राहिलेत, तो मला फोनच करत नाही आता, थेट मेव्हण्याला गाठतो (मधे मेव्हणा पडला होता). पेरणी तोंडावर आली, बियाणं-खत कशानं आणावं? तक्रार नेमकी कुठं करायची तेवढं सांगा. ज्ञान नको.

उदगीरकर_पुण्यात (९:५२)
कोणती विहीर पण? जिल्हा कोणता? काय अडकलंय?

कोरडवाहू_९१ (९:५५)
शीर्षक वाचा की. रोहयोची. जिल्हा-तालुका लिहीत नाही, इथं आमच्या साहेबांचे भाचेही असतील. मराठवाडा समजा.

ठिबकवाला_अंबड (१०:०३)
भाऊ, विहीर झाली ना, मग आता ठिबकचा अर्ज टाकून द्या महाडीबीटीवर. अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान आहे, बाकीच्यांना ७५. मी दोन एकर केलं, पाणी निम्म्यात भागतं.

कोरडवाहू_९१ (१०:०५)
आधी विहिरीचे येऊ द्या हो.

माजी_तांत्रिक (१०:३१)
मी पाच वर्षं कंत्राटी तांत्रिक सहाय्यक होतो, आता सोडलंय. तुम्ही सांगताय त्यावरून कुणालाच काही कळणार नाही. एवढं सांगा:
मंजुरी कोणत्या साली? अकुशलचे (मजुरीचे) सगळे मस्टर, म्हणजे हजेरीपट, निघाले का? एमबी झाली का, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत शेवटचं मोजमाप चढलं का? जिओटॅगचे (जागेच्या नोंदीसह ऑनलाइन चढवायचे) फोटो किती झाले? कामाचा कोड काय, तो इथं टाकू नका, पण तुमच्याकडं आहे का?

कोरडवाहू_९१ (१०:४०)
२०२३ ची मंजुरी, ४ लाखवाली. अकुशलचे आले तेव्हाच. कुशलचे १ लाख ५२ हजार राहिलेत. फोटो साहेबांनी काढले होते मोबाइलवर. किती ते काय माहीत.

माजी_तांत्रिक (१०:४४)
"काढले होते" वेगळं आणि "चढले" वेगळं. तीन लागतात. काम सुरू व्हायच्या आधीचा, चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा. तिसरा नसेल तर काम कागदावर अजून चालूच आहे. उद्या जाऊन हेच विचारा. "पैसे कधी येणार" असं विचारू नका, त्याला उत्तर ठरलेलं असतं. "माझ्या कोडवर तिसरा फोटो दिसतोय का आणि कुशलचं देयक ऑनलाइन भरलंय का" असं विचारा.

जालना_फौंड्री (१०:५८)
ह्या योजनाच मुळात चूक आहेत. सरकारनं विहिरी वाटत बसण्यापेक्षा कर कमी करावेत, कारखाने येतील, पोरांना नोकऱ्या लागतील. २०१९ ला कंपनी कर ३० वरून २२ टक्के केला, नव्या कारखान्याला १५. हा खरा उपाय. विहिरीनं काय रोजगार होतो?

बेरोजगार_अभ्यासिका (११:०६)
काका, मागणी नसताना कर कमी केला तर कंपनी कर्ज फेडते, नवी मशीन आणत नाही. गिऱ्हाईकच नाही तर माल कुणासाठी काढणार? सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ४८९२ होता आणि लातूरच्या आडतीत ४ हजारांच्या आसपास विकलं लोकांनी. ज्याच्या हातात पैसा नाही तो तुमच्या फौंड्रीचा पंप घेईल का? मंदीत सरकारनं तूट सोसून खर्च करावा हे अर्थतज्ज्ञ केन्सनं १९३६ लाच मांडलंय.

जालना_फौंड्री (११:०९)
तुझा केन्स माझं वीजबिल भरतो का?

उदगीरकर_पुण्यात (११:१५)
मुद्दा असा की हा खर्च आमच्या खिशातून होतो. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५०० व्यवसाय कर कापतात. तो रोहयोसाठीच सुरू झाला होता, १९७५ साली. पन्नास वर्षं झाली, अजून कापतायत. मला विचारायचंय, विहीर मजुरांनी खोदली की पोकलेननं?

कोरडवाहू_९१ (११:१८)
यारीनं. सांगितलं ना वर.

उदगीरकर_पुण्यात (११:२०)
यारी गाळ-दगड वर काढते. खोदली कशानं?

कोरडवाहू_९१ (११:२६)
खाली काळा पाषाण आहे. ब्लास्टिंग केल्याशिवाय हातानं एक फूट हलत नाही. आता सगळं इथं लिहू का?

माजी_तांत्रिक (११:३०)
लिहू नका. उदगीरकर, तुमचा प्रश्न चुकीचा नाही पण जागा चुकीची आहे. मजूर ऊसतोडीला गेलेले असतात ऑक्टोबरपासून, यायला मार्च-एप्रिल. मागं राहिलेल्यांना ३१२ रुपये रोजानं विहिरीत उतरवायचं? मी स्वतः मस्टर तपासलेत. माझ्या डोळ्यांना काय दिसायचं ते सांगत बसलो तर धागा संपेल.

उदगीरकर_पुण्यात (११:३४)
म्हणजे माझा कर पोकलेनवाल्याला.

गुरुजी_परभणी (१५ मे, सकाळी ६:१०)
रात्री झोपलो होतो, आता वाचले. उदगीरकरांनी व्यवसाय कराचा विषय काढला म्हणून लिहितो. तो कर का आला ते आमच्या पिढीला विचारा.

बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसे अशा कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, कायदा १९७७ चा. मागेल त्याला काम, आणि तो हक्क म्हणून. मदत म्हणून नव्हे.

आता पैसा कुठून आणायचा? केंद्रासारखी नोट छापणे राज्याच्या हातात नाही. म्हणून शहरातल्या नोकरदारावर, व्यापाऱ्यावर व्यवसाय कर बसवला. शहरांतल्या दुकाना-कचेऱ्यांच्या घरपट्टीवरही रोजगार हमी उपकर आहे, पावती नीट वाचा. ह्या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. मुंबईच्या पगारदाराचे पैसे आमच्या पाझर तलावावर आले. आमच्या गावचा तो तलाव आजही आहे, गाळाने भरलाय ते वेगळे.

बेरोजगार_अभ्यासिका (सकाळी ८:०२)
गुरुजी, हे भारी आहे. म्हणजे मंदीत कर वाढवून खर्च केला, पुस्तकाच्या उलट. तरी चाललं, कारण ज्याच्याकडून घेतले तो ते बँकेत ठेवणारा होता आणि ज्याला दिले तिनं ते त्याच आठवडी बाजारात तेल-मिठाला घातले. मला मुलाखतीत वापरता येईल.

गुरुजी_परभणी (८:१५)
आधी मुख्य परीक्षा पास हो बाळा.

जालना_फौंड्री (८:४०)
गुरुजी, आदर ठेवून सांगतो, तलाव गाळाने भरला म्हणता तिथंच सगळं आलं. आणि व्यवसाय कर आम्हीही भरतो, प्रत्येक कामगारामागं कापून भरायचा, एक दिवस उशीर झाला की दंड. सरकार कुशलला सहा महिने उशीर करतं, त्याला दंड कोण लावणार?

कोरडवाहू_९१ (९:२०)
पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. उशिराचं व्याज मिळतं म्हणे, खरं आहे का?

माजी_तांत्रिक (९:३३)
मजुरीला मिळतं. मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी आली नाही तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के. ३१२ च्या दरानं सहा दिवसांची मजुरी १८७२, त्यावर दिवसाला ९४ पैसे. तेही मागं लागलं तर. कुशलला, म्हणजे सिमेंट, सळई, गवंडी, यारी ह्याला असला काहीच नियम नाही. म्हणून ते मागं पडतं. मजुरीचा सगळा पैसा केंद्राचा, थेट खात्यात. साहित्याचा ७५ टक्के केंद्राचा, २५ राज्याचा, आणि तो आला की मग तालुक्याला थोडा थोडा सुटतो.

मांजराकाठ (९:४१)
सगळे पैसे लाडक्या बहिणीला गेले, बाकीच्यांनी बसा बोंबलत.

माजी_तांत्रिक (९:४५)
आत्ताच लिहिलं की, ७५ टक्के केंद्राचे. राज्याच्या पावपट वाट्याबद्दल भांडा हवं तर.

ताई_निलंगा (९:५९)
आणि दीड हजार खात्यात दिसतात तरी. मी त्यातून शिलाई मशीनची मोटर घेतली. तुमच्या विहिरीसारखं आधी उधारीवर करा, मग चकरा मारा असं नाही. मंदीत कुणाला द्यायचं ते द्या, पण हातात द्या. बाकी ते तांत्रिक दादा म्हणतात तसं विचारलं का तुम्ही?

कोरडवाहू_९१ (१०:०४)
आज साहेब ट्रेनिंगला गेलेत. उद्या बघतो.

उदगीरकर_पुण्यात (१०:२०)
माझा प्रश्न अजून तसाच आहे. सरकारी खर्चातून रोजगार निर्माण व्हावा म्हणून कायदा. ६० टक्के मजुरी, ४० टक्के साहित्य हे प्रमाण त्याचसाठी. यंत्रानं काम झालं तर विहीर मिळेल, रोजगार कुठाय?

गुरुजी_परभणी (१०:४८)
विहिरीला पाणी लागले तर रब्बी होईल, आणि रब्बीला खुरपायला बायका लागतील. तो रोजगार मस्टरवर दिसत नाही. पण तुमचे म्हणणेही मी टाकून देत नाही. बहात्तरला हातांना काम हवे होते, वस्तू नंतर. आता विहीर हवी असते आणि हातांची नावे नंतर लिहितात.

ठिबकवाला_अंबड (११:१२)
रब्बीला ठिबकवर हरभरा घेऊन बघा. तुषारपेक्षा बरा.

बेरोजगार_अभ्यासिका (११:३०)
लॉकडाउनमध्ये पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं रोहयोचीच कामं करत होती ना? २०२०-२१ ला केंद्रानं रोहयोला अर्थसंकल्पाबाहेर ४० हजार कोटी वाढवून दिले होते, वर्षाचा खर्च लाख कोटीच्या वर गेला. म्हणजे मनात आलं की पैसा सुटतो. यंदा (२०२५-२६) ८६ हजार कोटी, गेल्या वर्षी तेवढेच, आणि मजुरीचा दर मात्र २९७ वरून ३१२.

जालना_फौंड्री (११:४४)
आणि बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर माफ केला तो? त्यानंही बाजारात पैसा आलाच ना.

कोरडवाहू_९१ (११:५८)
माझ्या गावात प्राप्तिकर भरणारे दोन मास्तर आणि एक पोलीस. आम्ही जो कर भरतो तो ऐका. विहिरीच्या रिंगला सिमेंट घेतलं, त्यावर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता. सळईवर १८. हार्डवेअरचं बिल ८५ हजार झालं, त्यात सोळा हजारांच्या आसपास नुसता कर. तो हार्डवेअरवाल्यानं सरकारला पुढच्याच महिन्यात भरला, आणि माझ्याकडून शेकडा दोननं व्याज लावून घ्यायलाय. सरकारनं स्वतःच्या विहिरीवरचा कर घेतला आणि विहिरीचे पैसे दिले नाहीत. तुम्ही सगळे सरकारचा खर्च, सरकारचा खर्च करायलात. आतापर्यंतचा खर्च माझ्या मेव्हण्याचा आहे.

ताई_निलंगा (दुपारी १२:०५)
हे बाकी खरं.

जालना_फौंड्री (१२:१०)
माझेही एका सरकारी कामाचे आठ महिने अडकलेत. मुख्य ठेकेदाराला मिळत नाहीत म्हणून मला नाहीत. दोन पोरं कमी केली कामावरची. हे आधी लिहायला हवं होतं मी.

माहिती_अधिकार_हिंगोली (१२:३०)
माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस. मी आतापर्यंत ४१ अर्ज टाकलेत.

माजी_तांत्रिक (१२:३६)
३० दिवसांत पेरणी होऊन जाईल. तो अर्ज नंतरसाठी ठेवा. आधी फोटो.

संपादक (१२:५०)
पक्षांवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. विहिरीवर बोला.

कोरडवाहू_९१ (२८ मे, संध्याकाळी ७:१५)
उशिरा लिहितोय, पावसानं लाइट नव्हती दोन दिवस. तिसरा फोटो चढलाच नव्हता. साहेबांच्या जुन्या मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल बदलला. म्हणजे सहा महिने मी वरून पैसे यायची वाट बघत होतो आणि काम वर गेलंच नव्हतं. नवा फोटो परवा येऊन काढला, पाऊस असल्यामुळं विहिरीत उतरले नाहीत, काठावरूनच काढला. देयक काल भरलं म्हणतात. पैसे नाहीत अजून. हार्डवेअरवाल्याला भरल्याची प्रिंट दाखवली, तो म्हणाला प्रिंटवर सिमेंट मिळत नाही. पण बियाण्याचं उधारीवर जमलं, त्याच्याच भावाचं कृषी सेवा केंद्र आहे.

माजी_तांत्रिक (७:२२)
आता आठ दिवसांनी एफटीओ (पैसे खात्यात टाकायचा ऑनलाइन आदेश) तयार झाला का ते कामाच्या कोडवर बघा. झाला असेल तर तालुक्याचं काम संपलं, मग खरंच वरून यायचं राहिलं.

उदगीरकर_पुण्यात (७:४०)
पाणी किती फुटांवर लागलं?

कोरडवाहू_९१ (७:४४)
४२ ला. एप्रिलमध्ये दोन तास मोटर चालत होती, मग तासभर थांबायचं. आता काठोकाठ आहे, पण आता कुणाला पाहिजे.