पेटीत सापडलेला छोटा ट्रायपॉड

आजोबांच्या पेटीतला वीतभर ट्रायपॉड कुठला, असं तुम्ही विचारलंय. मधला स्क्रू सैल केल्यावर तिन्ही पाय फिरून एका ओळीत चपटे मिटतात का? तसं असेल तर तो जर्मनीच्या लाइट्सचा, म्हणजे लायका कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचा, असू शकतो. बॉलहेडवर, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या फिरत्या गोळ्याच्या भागावर, ‘वेत्स्लार’ हे लाइट्सच्या गावाचं नाव कोरलंय का, भिंगाने बघा.

वापरण्याआधी कॅमेरा बसवायच्या स्क्रूचे आटे मात्र नक्की तपासा. जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांना बऱ्याचदा ३/८ इंची असत, आता सहसा १/४ इंची असतात. माप जुळत नसेल तर जोर लावून पिळू नका हो, कॅमेऱ्याचे आटे कायमचे जातात! दोन मापं जुळवणारं अडॅप्टर बुश (छोटी आटेदार कडी) स्वस्तात मिळतं.

आणि तो ट्रायपॉड फक्त टेबलावरच वापरू नका. पाय भिंतीला किंवा छातीला टेकवा, श्वास सोडत शटर दाबा. देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात १/८ सेकंद इतक्या संथ शटरलाही मला स्वच्छ फोटो मिळालेत.