आईसाठी टपाली मतदानाचा नमुना १२-ड भरावा का?

मंडळी, आमच्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक लागली आहे. आई ८७ वर्षांची, लिफ्ट नाही आणि जिना तिला उतरवत नाही. २०२४ पासून घरून टपाली मतपत्रिकेवर मतदानाची सोय ८५ च्या पुढच्यांना आहे (त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना १२-ड), म्हणजे वयात ती बसते. यादीत नाव आहे, ओळखपत्रही आहे.

घोडं अडलंय ते पुढे. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मतपत्रिका) अशी खूण होते आणि मग केंद्रावर मत देता येत नाही. मत घ्यायला मतदान पथक घरी येतं ते जास्तीत जास्त दोनदा. दोन्ही वेळा आई सापडली नाही तर मत गेलंच! तिचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, सकाळी निघते ती दुपार कलल्यावरच घरी, आणि वार बदलून मिळत नाहीत. बीएलओंना (आमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी) विचारलं तर म्हणाले, “फॉर्म भरा, होईल सगळं.” अशा ‘होईल’वर मत टाकवत नाही.

शिवाय तिचा हात थरथरतो. मतपत्रिकेसोबतच्या प्रतिज्ञापत्रात सही किंवा साक्षांकन राहिलं तर मोजणीत मत बाद, हेही डोक्यात आहे.

खुर्चीत बसवून उचलून केंद्रावर नेता येईल, तो पर्याय माहीत आहे. अधिसूचनेपासून पाच दिवसांतच अर्ज द्यायचा असल्याने लगेच ठरवायचंय. ज्यांनी घरच्यांसाठी हे केलंय त्यांनी सांगा: पथकाचा दिवस आधी कळतो का, डायलिसिसचे वार लेखी दिले तर पाळतात का, आणि सहीऐवजी अंगठा चालला का?