डिसेंबरच्या विवाहासाठी आपल्याच भागातील फुलांचे गुच्छ कसे बांधावेत?

प्रश्न :
माझ्या धाकट्या बहिणीचा विवाह डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासवडजवळच्या आमच्या घराच्या अंगणात होणार आहे. वधूच्या हातातील गुच्छ आणि भोजनाच्या २० टेबलांवरील लहान सजावट दूरवरून येणाऱ्या ऑर्किडऐवजी आसपासच्या शेतांत त्या ऋतूत फुलणाऱ्या फुलांची असावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. साखरपुड्याला आम्ही चार किलो शेवंती आणली होती, परंतु एकाही फुलाला देठ नसल्याने ती परातीत पसरून ठेवावी लागली आणि गुलछडीच्या काड्यांनी तर संध्याकाळपर्यंत माना टाकल्या. आमचे कुठे चुकले?

प्रतिसाद १ :
आमची यवत परिसरात फुलशेती आहे. आपल्याकडे शेवंती, झेंडू आणि एकेरी गुलछडी ही पिके प्रामुख्याने हार, वेण्या आणि पूजेसाठी घेतली जातात. म्हणून ती देठाविना खुडली जातात आणि वजनावर विकली जातात. गुच्छासाठी दांड्याची फुले लागतात, आणि ती हवी असल्यास शेतकऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावे लागते. दीड फूट दांडा ठेवून कापायचे म्हणजे त्याच फांदीवरील पुढच्या कळ्याही जातात, त्यामुळे भाव किलोने न ठरवता दांड्यामागे ठरवावा; तेच न्याय्य आहे.

दिवस लहान होऊ लागल्यावरच शेवंतीला कळ्या धरतात, त्यामुळे डिसेंबरात ती ऐन बहरात असेल. तिच्या जोडीला अॅस्टर घ्यावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ वाणांत पांढरा, गुलाबी आणि जांभळा असे रंग मिळतात. गुलछडी मात्र दुहेरी, म्हणजे जास्त पाकळ्यांच्या फुलांची, घ्यावी आणि खालची दोन-तीन फुले उमललेली असतानाच कापावी. शेवंती व अॅस्टर यांचे उलटे आहे : ती पूर्ण उमलल्यावरच कापावीत, कारण कच्ची कळी पाण्यात नीट फुलत नाही.

कापणी भल्या सकाळी करावी आणि पाण्याची बादली शेतातच न्यावी. आपल्या गुलछडीने माना टाकल्या त्या बहुधा वाटेत कोरड्या राहिल्यामुळे.

प्रतिसाद २ :
मी गेली काही वर्षे घरगुती समारंभांसाठी गुच्छ बांधते. फुले घरी आल्यावर दांड्याचे टोक तिरके कापून, पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून, ती रात्रभर सावलीच्या थंड खोलीत खोल पाण्यात ठेवावीत. पाण्यातली पाने कुजून पाणी नासते आणि दांडे पाणी ओढेनासे होतात. झेंडूच्या बाबतीत हे विशेष लवकर घडते. झेंडूचा दांडा फुलाखाली पोकळ असतो आणि तिथेच मुडपतो, म्हणून तो उंच गुच्छात न घालता आखूड कापून तांब्याच्या काठाशी बसवावा.

वधूच्या गुच्छासाठी मधोमध दुहेरी गुलछडीचे तीन दांडे धरावेत आणि पुढचा प्रत्येक दांडा एकाच दिशेने तिरका लावत हातातच गुच्छ फिरवत जावा. असे केल्याने दांडे एकमेकांना आधार देतात आणि फुले दाबली जात नाहीत. हिरवाईसाठी कामिनीच्या डहाळ्या, तुळशीच्या मंजिऱ्या आणि फुलोऱ्यावर आलेली शेपू घ्यावी. शेपूचे पिवळे छत्रीसारखे तुरे पांढऱ्या शेवंतीत इतके सुरेख दिसतात की मला दुसऱ्या कोणत्याही भरणीची गरज वाटत नाही.

टेबलांसाठी घरातले पितळी तांबे वापरावेत. फुले रोवायचा हिरवा स्पंज प्लॅस्टिकचाच प्रकार आहे. त्याऐवजी तारेच्या जाळीचा बोळा तांब्यात बसवला तर तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. जेवणाच्या टेबलांवर गुलछडी ठेवू नये, तिचा गंध अन्नाच्या वासावर मात करतो. कण्हेर तर मुळीच नको, कारण तिचे सर्व भाग विषारी आहेत.

प्रश्नकर्ती :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. प्रत्येक तांब्यात आठ दांडे धरले तर १६० होतात. वधूच्या गुच्छाचे २५ वेगळे. किती जास्तीचे सांगावेत?

प्रतिसाद १ :
एकूण २१० सांगावेत, कारण वाहतुकीत काही दांडे मोडतातच. विवाहाच्या आदल्या दिवशी सकाळी कापणी ठेवावी आणि गुच्छ मुहूर्ताच्या दिवशी पहाटे बांधावेत.