कमरेवर केसांचा पुंजका, एमआरआयमधे स्प्लिट कॉर्ड टाइप १ – ऑपरेशन लगेच करावं का?

परीचीआई: मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जन्मापासून कमरेवर मधोमध दाट केसांचा पुंजका आहे, घरचे म्हणायचे लव आहे जाईल हळूहळू. परवा सँडल घेताना दुकानात लक्षात आलं की डावं पाऊल उजव्यापेक्षा लहान आहे आणि घरी नीट बघितलं तर पोटरीपण बारीक. बालरोगतज्ज्ञांनी पाठ बघितली आणि लगेच एमआरआय सांगितला. रिपोर्ट असा की स्प्लिट कॉर्ड टाइप १, म्हणजे मज्जारज्जू दोन भागात विभागलाय आणि मधे हाडाचा काटा. पण ती पळते, जिने चढते, शू पण सांगते! मग एवढ्या लहान जिवाच्या मणक्याचं ऑपरेशन आत्ताच कशाला, थोडं थांबलं तर नाही का चालणार?

विदर्भवाला: ताई, माझ्या मुलालापण टाइप १ च होतं. केसांचा काही त्रास नसतो, ती फक्त आतल्या दोषाची खूण. एरवी मज्जारज्जूचं टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतं, यांच्यात ते बहुतेक वेळा खालीच अडकलेलं असतं आणि वर हा काटा, त्यामुळे मूल उंच व्हायला लागलं की मज्जारज्जू ताणला जातो. आज पळतेय म्हणून उद्या पळेलच असं नाही हो, आणि एकदा लघवीवरचा ताबा गेला की तो परत येईलच याची खात्री नसते, म्हणून टाइप १ मधे बहुतेक सर्जन थांबू नका म्हणतात. आमच्या मुलाचा पाय ऑपरेशननंतरही बारीकच आहे पण पुढे बिघडलं नाही.

फिजिओ_मानसी: लहान मुलांच्या न्यूरोसर्जनलाच दाखवा. पूर्ण पाठीचा एमआरआय झालाय का बघा, नुसता कमरेचा पुरत नाही. काट्यासाठी सीटी लागू शकतो. ऑपरेशन चालू असताना न्यूरोमॉनिटरिंग (नसांचं काम नीट चाललंय ना यावर यंत्राने लक्ष ठेवणं) असणार का हे स्पष्ट विचारा. किडनीची सोनोग्राफी करून ठेवा. आणि पाठीला बाक असेल तर तो सरळ करायच्या आधी या काट्याचा विचार व्हायला हवा, नाहीतर मज्जारज्जूवर ताण येतो.

परीचीआई: खूप आभार दोघांचे. गरोदरपणात माझ्याकडून काही राहिलं का, हेच डोक्यात फिरतंय.

फिजिओ_मानसी: नाही हो ताई, हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडतं, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंपण नसतं. पुढच्या वेळी मात्र फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करा, डोस डॉक्टरांना विचारून.

विदर्भवाला: अजून एक, ऑपरेशन झालं तरी उंची वाढायच्या वयात लक्ष ठेवा, मज्जारज्जू परत चिकटू शकतो. पाठ-पाय दुखायला लागले, चाल बदलली किंवा परत अंथरुणात शू व्हायला लागली तर लगेच दाखवा.