१९१०च्या इंग्लंडात खेड्यातल्या शाळेत गोवर आला तर मास्तर काय करायचे?

डिचोलीची शिक्षिका
नमस्कार मंडळी. स्नेहसंमेलनासाठी नाटुकलं लिहितेय. इंग्लंडातलं एक खेडं, दोन खोल्यांची शाळा, गोवराची साथ. शाळा बंद करायचं कोण ठरवायचं? लस होती का? मास्तरांच्या हातात नेमकं काय होतं? मुलांसमोर खोटं काही जायला नको.

निवृत्त आरोग्यसेविका, सत्तरी
बाई, लस नव्हती. ब्रिटनमध्ये ती सरसकट द्यायला लागले १९६८ साली. मास्तरांच्या हातात होतं हजेरीपुस्तक, आणि माझं ऐकाल तर नाटक त्याच्याभोवतीच रचा.

कारण सांगते. स्कार्लेट फिव्हर, घटसर्प, देवी यांची खबर डॉक्टरांनी आरोग्य अधिकाऱ्याला देणं १८८९च्या कायद्याने ठरलं होतं. त्या यादीत गोवर नव्हता. शिवाय डॉक्टरला पैसे मोजावे लागत, मोफत सरकारी सेवा आली १९४८ला. गोवर काय, सगळ्याच पोरांना येतो, म्हणून शेतमजुराची बायको डॉक्टर बोलवायचीच नाही. मग गावात गोवर शिरलाय हे पहिलं कळायचं कुणाला? रिकामं बाक बघणाऱ्या मास्तरांना. ते आरोग्य अधिकाऱ्याला कळवत आणि सहसा त्याच्या सांगण्यावरून शाळा बंद होई. हा अधिकारीही खेड्यापाड्यांत बहुतेक वेळा आपला दवाखाना सांभाळून हे काम करणारा डॉक्टर असे.

रंगमंचावर हे दाखवा: एक पोर आजारी पडतं. मग दहा-बारा दिवस सगळं शांत. आणि एका सकाळी शिशुवर्गातली अर्धी बाकं रिकामी. पुरळ उठण्याच्या चारेक दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवतं, त्यामुळे कुलूप लागेपर्यंत गोवर घरोघरी पोचलेला असे. मी नोकरीभर वाड्यावाड्यांवर लसीच्या पेट्या घेऊन फिरले. आमच्याकडेही पहिली खबर बऱ्याचदा शाळेतूनच यायची, म्हणून त्या मास्तरांबद्दल मला फार आपुलकी वाटते.

पेडण्याचा वाचक
एक भर घालतो. १९०७च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली, म्हणजे १९१०ला डॉक्टर शाळेत येणं बरोबर बसतं. पण तो वजन, दात, डोळे, उवा बघायला. आणि शाळेचं अनुदान सरासरी हजेरीवर ठरायचं, तेव्हा गैरहजेरी मास्तरांना दोन्हीकडून जाचायची. हे नाटकात जरूर घ्या.

डिचोलीची शिक्षिका
ताई, काजूच्या दिवसांत आमचीही बाकं रिकामी होतात. तिथे बटाटे काढायला पोरं जायचीच ना? मग आजारी कोण आणि शेतावर कोण, हे कसं ओळखणार?

निवृत्त आरोग्यसेविका, सत्तरी
वयावरून. शेतावर जायची मोठी पोरं, गोवरात आधी गळायची धाकटी. मास्तरांनी थोरल्या बहिणीला जवळ बोलावून विचारावं, ‘बाळाचे डोळे लाल झालेत का? नाक वाहतंय? उजेड नको म्हणतो?’ ती हो म्हणाली की तिलाही घरी पाठवायचं, कारण आजाऱ्याच्या भावंडांना शाळेबाहेर ठेवायचा रिवाज होता. आणि पाट्या थुंकीने पुसणारं एक पोर मागच्या बाकावर बसवाच. मास्तर त्याच्या हातात ओलं फडकं देतील.